खारवलेल्या मत्स्य-अंड्यांचे आमिष : टिकवणुकीचे शास्त्र आणि नदीविषयीची जबाबदारी

पावसाळा तोंडावर आला की गोव्याच्या किनारपट्टीवरील घराघरांत पुरुमेंताची तयारी सुरू होते. सुके बांगडे, सुकी सुंगटे, खारे मासे मडक्यांत व डब्यांत भरून ठेवले जातात. मीठ लावून मासळी टिकविण्याची ही विद्या येथील कुटुंबांस पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. तथापि मासळी मुरविण्याचा हेतू सर्वत्र केवळ खाण्याचाच असतो असे नाही. जगाच्या काही भागांत माशाची अंडी मुद्दाम खारवून, रंगवून, थंड जागी साठवून ठेवतात आणि ती मनुष्याच्या ताटात न जाता गळाला लावली जातात. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सॅमन व स्टीलहेड ट्राउट या माशांसाठी अशा अंड्यांचे आमिष फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

या प्रक्रियेचा अभ्यास आपल्याकडे दोन कारणांसाठी उपयुक्त आहे. मीठ, साखर व इतर क्षार मासळीवर नेमके काय कार्य करतात हे या उदाहरणावरून स्पष्टपणे समजते, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ताटातील अन्न घरात राहते, परंतु आमिष पाण्यात जाते. आमिष टिकविण्यासाठी जे जे त्यात घातले जाते, ते ते अखेर नदीत पोहोचते आणि नदीतील जीव ते खातात. या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तर काय घडते, याचा अनुभव अमेरिकेतील ऑरेगन राज्याने घेतला आहे.

अंडी हेच आमिष का?

सॅमन हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत येतो. नदीच्या तळाशी जेथे वाळू-खडीचा थर असतो तेथे मादी शेपटीने खळगा करते व त्यात अंडी सोडते. नर त्यांवर वीर्य सोडतो आणि मादी पुन्हा खडी लोटून ती झाकते. या क्रियेत काही अंडी खळग्याबाहेर पडून प्रवाहाबरोबर वाहत जातात. प्रवाहाच्या खालच्या बाजूस थांबलेले ट्राउट व इतर मासे ही वाहती अंडी खातात. अंडी म्हणजे स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांचा साठाच. थंड पाण्यातील माशांस त्यासारखे पौष्टिक खाद्य क्वचितच मिळते.

सॅमनचे अंडे आपल्याकडील गाभोळीतील अंड्यापेक्षा कितीतरी मोठे असते. बांगड्याच्या किंवा शेवट्याच्या गाभोळीतील दाणे रव्यासारखे बारीक असतात. सॅमनचे एकेक अंडे वाटाण्याएवढे भरते. त्यामुळे ते सुटे करून बारीक गळास टोचता येते, किंवा अनेक अंडी पापुद्र्यासह झुपक्याने गळास बांधता येतात. ग्रेट लेक्स या सरोवरांच्या परिसरात अंडी बारीक जाळीदार कापडात बांधून त्यांची लहान पुरचुंडी गळास लावण्याची रीत आहे.

माशांची गंधशक्ती अत्यंत तीव्र असते. सॅमन आपल्या जन्मनदीचा गंध ओळखून परत येतो, ही कल्पना विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर व त्यांचे सहकारी वॉरन विस्बी यांनी १९५१ साली मांडली आणि पुढील संशोधनाने तिला बळकटी आली. अंड्यातून पाण्यात पाझरणारी अमिनो आम्ले माशांस दुरूनही जाणवतात. म्हणून आमिषाची अंडी घट्ट तर असावीत, परंतु कोरडी ठणठणीत नसावीत; आतील रस हळूहळू पाण्यात मिसळत राहिला पाहिजे. टिकवणुकीच्या प्रक्रियेतील सारे कौशल्य या दोन परस्परविरोधी गरजा सांभाळण्यात आहे.

पहिली दक्षता : रक्त आणि पाणी

अंडी मुरविण्याचे काम मीठ लावण्यापासून नव्हे, तर मासा हाती येताच सुरू होते. मादी पकडताच तिचे कल्ले कापून रक्त वाहून जाऊ देतात. अंड्यांच्या पापुद्र्यातील रक्तवाहिन्यांत रक्त राहिले तर अंडी लवकर काळवंडतात व त्यांस दुर्गंधी येते. त्यानंतर पोट चिरून अंडाशयांची जोडी अखंड बाहेर काढतात, उरलेले रक्त बोथट चमच्याने वा कापडाने पुसून घेतात आणि अंडी थंड जागी ठेवतात. उन्हात किंवा नावेच्या तापलेल्या फळीवर ती थोडा वेळ राहिली तरी पुढील कोणतीही प्रक्रिया त्यांचा दर्जा परत आणू शकत नाही.

या टप्प्यावर अंडी गोड्या पाण्यात धुण्याचे सहसा टाळतात. यामागे दोन शास्त्रीय कारणे आहेत. पक्व अंड्यास गोडे पाणी लागताच ते पाणी शोषून घेते व त्याचे बाह्य आवरण कठीण होऊ लागते. नदीतील अंड्याच्या रक्षणासाठी निसर्गाने केलेली ही योजना आमिषाच्या दृष्टीने मात्र अडचणीची ठरते. दुसरे कारण असे की, अंड्याच्या बलकातील ग्लोब्युलिन जातीची प्रथिने सौम्य खाऱ्या द्रावणात विरघळलेली राहतात, परंतु गोड्या पाण्यात ती साकळून पांढरी पडतात. फुटलेल्या अंड्यांचा रस गोड्या पाण्यात दुधासारखा दिसतो तो यामुळेच. सॅमनच्या मत्स्यबीज केंद्रांत फुटलेल्या अंड्यांचा रस धुऊन काढताना साध्या पाण्याऐवजी सौम्य मिठाचे पाणी वापरतात, त्याचेही कारण हेच आहे.

मिठाचे कार्य

मुरविण्याच्या सर्व पद्धतींचा पाया मीठ हाच आहे. अंड्यांवर कोरडे मीठ पसरले की बाहेर तीव्र द्रावण व आत सौम्य द्रावण अशी स्थिती निर्माण होते. आवरणातून पाणी बाहेर येऊ लागते. या क्रियेस परासरण म्हणतात. पहिल्या तास-दोन तासांत भांड्याच्या तळाशी रस साचतो आणि अंडी सुरकुतलेली व मलूल दिसतात. नवशिक्या माणसास येथे अंडी बिघडली असे वाटते. परंतु हळूहळू मीठही आत शिरते, अंड्यातील प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची शक्ती बदलते आणि बाहेर आलेल्या रसापैकी बराचसा रस अंडी पुन्हा शोषून घेतात. साधारणपणे एका दिवसात ती पुन्हा टपोरी, पण पूर्वीपेक्षा चिवट झालेली आढळतात. सुरुवातीस सुटलेला रस लगेच ओतून टाकू नये, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

मिठामुळे अंड्यातील सर्व पाणी नाहीसे होत नाही. मात्र सूक्ष्म जंतूंस वापरता येईल असे मोकळे पाणी कमी होते. नासाडी घडविणारे बहुतेक जंतू तीव्र खाऱ्या द्रावणात वाढू शकत नाहीत. साध्या तापमानास १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, त्याहून अधिक घातलेले तळाशी बसते. तथापि काही जंतू मीठप्रियच असतात. खाऱ्या माशांवर कधीकधी जे तांबूस डाग दिसतात ते अशा जंतूंचे. म्हणून मीठ भरपूर असले तरी स्वच्छता व थंडावा यांस पर्याय नाही. आमिषाच्या अंड्यांत तर संपृक्त मीठ वापरणे शक्यच नसते, कारण त्याने अंडी सुकून कडक होतात. सबब, अशी अंडी शीतकपाटाबाहेर फार दिवस टिकत नाहीत.

इतर घटक आणि त्यांची कामे

मिठाबरोबर बहुधा साखर वापरतात. तीही पाणी बांधून ठेवते व मिठाचा रखरखीतपणा कमी करून अंडी मऊ राखते. काही जण मीठ व साखर पाण्यात विरघळवून त्या द्रावणात सुटी अंडी बुडवून ठेवतात. काही जण कोरडे मिश्रण झुपक्यांवर भुरभुरवतात. झुपक्यांसाठी कोरडी पद्धत व सुट्या दाण्यांसाठी द्रावणाची पद्धत अधिक सोयीची पडते.

दुसरा जुना घटक टाकणखार हा होय. हा क्षारधर्मी असून जंतूंची वाढ रोखतो, अंड्यांच्या पृष्ठावरील चिकटपणा कमी करतो आणि झुपका हाताळण्यास सोपा करतो. अनेक जुने गळकरी केवळ मीठ व टाकणखार यांवरच काम भागवीत आले आहेत.

तिसरा घटक सोडियम सल्फाइट व त्याच्या वर्गातील क्षार. हवेतील प्राणवायूच्या संयोगाने रंग काळा पडण्याची क्रिया हे क्षार रोखतात, त्यामुळे अंडी ताजी व चकचकीत दिसतात. कोळंबीच्या कवचावर काळे डाग पडू नयेत म्हणून निर्यात व्यवसायात याच वर्गातील सोडियम मेटाबायसल्फाइट ठरावीक मर्यादेत वापरले जाते, हे किनारपट्टीवरील वाचकांस ठाऊक असेल. बाजारात तयार मिळणाऱ्या अमेरिकन आमिष-मसाल्यांपैकी अनेकांत सल्फाइट हा महत्त्वाचा घटक होता. त्याच्या जोडीस लाल, नारिंगी, गुलाबी असे रंग घातले जातात, कारण गढूळ पाण्यात ठळक रंग उठून दिसतो.

साठवण

मुरलेली अंडी जाळीवर वा कागदावर काही काळ ठेवून वरवरची ओल जाऊ देतात. झुपके कात्रीने गळाच्या मापाचे कापतात. पापुद्रा फाडला तर दाणे सुटून वाया जातात. त्यानंतर लहान लहान बरण्यांत किंवा पिशव्यांत, एका खेपेस लागतील एवढीच अंडी भरतात. मोठी बरणी वारंवार उघडली की हवा व ओल आत जाऊन सगळाच साठा बिघडतो.

शीतकपाटात ती काही आठवडे चांगली राहतात. अधिक काळ ठेवायची असल्यास गोठवावी लागतात. गोठविण्यापूर्वी पिशवीतील हवा शक्य तितकी काढून टाकणे आवश्यक असते, अन्यथा पृष्ठभाग सुकून स्निग्धांश खवट होतो. न मुरविलेली अंडी गोठविली तर बर्फाच्या स्फटिकांनी आवरणे फाटतात आणि वितळल्यावर नुसता लगदा उरतो. मुरविलेल्या अंड्यांतील मोकळे पाणी कमी असल्याने हे नुकसान बरेच टळते. वितळविणे सावकाश, थंड जागेतच करावे आणि एकदा वितळलेली अंडी पुन्हा गोठवू नयेत. प्रत्येक बरणीवर तारीख, घटक आणि ‘आमिष, खाण्यासाठी नाही’ असा स्पष्ट मजकूर लिहिणे ही या साठवणुकीतील सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त खबरदारी होय.

ऑरेगनचा धडा

येथवरचे विवेचन आमिष टिकण्यापुरते झाले. प्रश्न त्यापुढे सुरू होतो. गळास लावलेले प्रत्येक अंडे मोठा मासाच खातो असे नाही. झुपक्यातील दाणे प्रवाहाने सुटतात, उरलेले आमिष परतताना नदीत टाकले जाते, आणि ते खाण्यासाठी पाण्यात इतर तोंडे असतात. त्यांत सॅमन व स्टीलहेड यांची पिलेही असतात. कोहो जातीच्या सॅमनची पिले तर समुद्राकडे जाण्यापूर्वी सहसा वर्षभर किंवा अधिक काळ नदीतच वाढतात. कीटकांबरोबर वाहून येणारी अंडीही ती आवडीने खातात.

ऑरेगन राज्याचे मत्स्य व वन्यजीव खाते आणि ऑरेगन स्टेट विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास या बाबीची पद्धतशीर तपासणी केली. बाजारातील निरनिराळ्या मसाल्यांनी मुरविलेली अंडी सॅमन व स्टीलहेडच्या पिलांस खाऊ घालण्यात आली. काही मसाल्यांची अंडी खाल्लेल्या पिलांपैकी बरीच थोड्याच दिवसांत मेली. इतर मसाल्यांच्या बाबतीत तसे आढळले नाही. मग एकेका घटकाची परीक्षा झाली, आणि दोष सोडियम सल्फाइटकडे आला. पुढे खात्याने मसाले तयार करणाऱ्या उत्पादकांशी बोलणी करून हा घटक कमी करण्याचा वा बदलण्याचा आग्रह धरला.

या घटनेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. गळकऱ्यांच्या मनात नदीचे नुकसान करावे असे नव्हते. सॅमन कमी होऊ नयेत हीच त्यांची इच्छा होती, कारण त्यांचा छंद व काहींची उपजीविका त्यावरच अवलंबून होती. मसाला वापरल्याने आमिष उत्तम टिकत होते आणि मासाही लागत होता. म्हणजे ज्या कसोटीवर ते मसाल्याची पारख करीत होते, त्या कसोटीस तो उतरत होता. जे नुकसान होत होते ते डोळ्यांस दिसत नव्हते. बोटभर लांबीचे पिलू खडीखाली मरून पडले तर काठावरील माणसास त्याचा पत्ता लागत नाही. ते पिलू समुद्रातून परत येण्याचे वर्ष उजाडते तेव्हा केवळ एक मासा कमी येतो, आणि त्याचे कारण कोणी आमिषाच्या बरणीत शोधत नाही. मातेच्या अंड्यांतून तिच्याच जातीच्या पिलांस विष जावे, ही गोष्ट प्रयोगशाळेत मोजदाद झाल्याखेरीज उघडकीस आली नसती.

अंड्यांबरोबर रोगाचा प्रवास

रसायनाखेरीज दुसरा धोका रोगजंतूंचा आहे. उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्स सरोवरांत पॅसिफिक सॅमन मूळचा नाही. मिशिगन राज्याने १९६६ साली कोहो सॅमनची पिले सोडली व तेथे या माशाची शिकार रूढ झाली. पुढे २००५ मध्ये या सरोवरांत माशांना होणारा एक रक्तस्रावी विषाणुरोग आढळून आला. हा रोग माणसास होत नाही, परंतु माशांच्या अनेक जातींस मारक ठरतो. आमिषाचे जिवंत मासे व अंडी एका जलाशयातून दुसऱ्यात नेल्याने तो पसरू शकतो, हे ध्यानी घेऊन तेथील राज्यांनी आमिषाच्या ने-आणीवर निर्बंध घातले. गोठविल्याने विषाणू खात्रीने मरत नाहीत, म्हणून गोठविलेले आमिष निर्धोक असते ही समजूत बरोबर नाही.

आपल्याशी अधिक निकटचे उदाहरण कोळंबीचे आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगाने भारतातील कोळंबी संवर्धनाचे १९९४-९५ पासून मोठे नुकसान केले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात लोगन नदीच्या परिसरात २०१६ च्या अखेरीस हाच रोग उद्भवला, तेव्हा आयात केलेली कच्ची कोळंबी आमिष म्हणून वापरली जाणे हा त्याच्या प्रवेशाचा एक संभाव्य मार्ग मानला गेला. जानेवारी २०१७ मध्ये त्या देशाने कच्च्या कोळंबीची आयात काही काळ स्थगित केली. गोव्यातील खाजन शेतीच्या पाण्यात व मानशींच्या तोंडाशी सुंगटांचे आमिष लावून गरवणारे पुष्कळ आहेत. बाहेरून आलेली, रोगट दिसणारी किंवा बाजारात न खपलेली कोळंबी आमिषासाठी तेथे नेणे टाळले पाहिजे.

अन्न आणि आमिष यांतील भेद

गाभोळी हे आपल्याकडे आवडीचे अन्न आहे. जपानमध्ये सॅमनची सुटी खारवलेली अंडी ‘इकुरा’ या नावाने खातात. हा शब्द त्यांनी रशियन भाषेतून घेतला आहे. भूमध्य समुद्राच्या काठी शेवट्याच्या वर्गातील माशांची गाभोळी मीठ लावून, दाबून वाळवितात. खाण्याची अंडी आणि आमिषाची अंडी बाह्यतः सारखीच दिसतात. रंग, वास, चकाकी यांवरून त्यांतील फरक ओळखता येत नाही. परंतु टाकणखार पोटात गेल्यास अपायकारक असतो व भारतात खाद्यपदार्थ टिकविण्यासाठी तो वापरण्यास परवानगी नाही. सल्फाइटामुळे दम्याच्या काही रुग्णांस तीव्र त्रास होऊ शकतो. यास्तव आमिषासाठी तयार केलेली कोणतीही वस्तू स्वयंपाकघरात, मुलांच्या हाताशी किंवा खाद्य मासळीबरोबर एकाच पेटीत ठेवू नये.

एका कामासाठी योग्य असलेले द्रव्य दुसऱ्या कामात वापरल्याने काय गोंधळ होतो, याचा अनुभव गोव्याने २०१८ साली घेतला. प्रयोगशाळेत नमुने जपण्यासाठी वापरले जाणारे फॉर्मालिन मासळीत असल्याच्या संशयावरून त्या वर्षी जुलै महिन्यात परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर तात्पुरती बंदी घालावी लागली होती. ग्राहकाचा विश्वास एकदा उडाला की प्रामाणिक मासेविक्रेत्यासही त्याची झळ पोहोचते.

आपल्या नद्यांसाठी काय ग्राह्य?

मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल, साळ या नद्यांच्या मुखांशी व खाड्यांत गरीने मासे धरणारे लोक सामान्यतः सुंगटे, तारल्या किंवा माणकी यांचे तुकडे आमिष म्हणून लावतात. गाभोळी आमिषासाठी वापरण्याचे कारण नाही. तिचे दाणे बारीक असल्याने ती गळावर टिकत नाही आणि अन्न म्हणून तिचे मोल अधिक आहे. अलास्का राज्यात तर केवळ अंडी काढून घेऊन सॅमनचे मांस टाकून देणे कायद्याने निषिद्ध आहे. अंड्यांसाठी मादी मारणे म्हणजे पुढील पिढी मारणे होय. गोव्यात यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी बंदी पाळली जाते, तीही मासळीच्या पैदाशीस अवसर मिळावा याच हेतूने.

मात्र खारविण्याचे तत्त्व आपल्या नेहमीच्या आमिषास पूर्णपणे लागू पडते आणि त्यासाठी मिठाखेरीज कशाचीही आवश्यकता नाही. पुढील कृती कोणासही घरच्या घरी करता येण्याजोगी आहे.

१. ताज्या तारल्यांचे पोट साफ करून गळाच्या मापाचे तुकडे करावेत. सुंगटे वापरायची असल्यास डोकी काढावीत. रक्त पुसून घ्यावे.

२. वजनाने तीन ते चार भाग मासळीस एक भाग स्वच्छ जाडे मीठ घ्यावे. भांड्यात मिठाचा एक थर, मासळीचा एक थर असे रचून वर पुन्हा मीठ पसरावे.

३. भांडे झाकून थंड जागी एक दिवस ठेवावे. सुटलेले पाणी निथळून टाकावे.

४. तुकडे पुन्हा थोड्या कोरड्या मिठात घोळवून लहान डब्यांत भरावेत, तारीख लिहावी आणि शक्य असल्यास शीतकपाटात ठेवावेत.

५. तुकडे तांबूस, बुळबुळीत किंवा दुर्गंधीयुक्त झाल्यास ते वापरू नयेत. खड्ड्यात पुरून टाकावेत.

अशा रीतीने खारविलेला तुकडा चिवट होतो, लहान मासे तो टोचून टोचून पळवू शकत नाहीत आणि भरतीच्या ओढीतही तो गळावर टिकून राहतो. उरलेले आमिष पाण्यात किंवा संवर्धनाच्या तळ्यात फेकू नये. आमिष ज्या पाण्यातून आणले त्याच पाण्याच्या परिसरात वापरणे केव्हाही श्रेयस्कर. बाजारातील एखादा रंगीत, तयार मसाला वापरावयाचा झाल्यास त्यावरील घटकांची यादी वाचावी; यादीच छापलेली नसेल तर तो पाण्यात जाऊ देऊ नये.

शाळेसाठी दोन प्रयोग

शिक्षकांस हा विषय वर्गात अल्प खर्चात दाखविता येईल. पहिल्या प्रयोगासाठी बटाट्याचे सारख्या मापाचे दोन तुकडे घ्यावेत. एक साध्या पाण्यात व एक तीव्र मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवावा. साध्या पाण्यातील तुकडा ताठ होतो, मिठाच्या पाण्यातील तुकडा लवचिक होऊन वाकतो. मीठ लावलेल्या मासळीस पाणी का सुटते, हे विद्यार्थ्यांस यावरून समजेल.

दुसऱ्या प्रयोगासाठी कोंबडीच्या अंड्यातील पांढरा भाग काचेच्या पेल्यात घेऊन त्यात कित्येक पट ऊर्ध्वपातित पाणी हलक्या हाताने मिसळावे. द्रावण गढूळ दिसू लागते. आता त्यात चिमूटभर मीठ घालून ढवळावे. गढूळपणा बराच कमी होतो. मिठाच्या सौम्य द्रावणात काही प्रथिने विरघळलेली राहतात व गोड्या पाण्यात साकळतात, हे तत्त्व यातून स्पष्ट होते. प्रयोगानंतर विद्यार्थ्यांस एक प्रश्न अवश्य विचारावा : नदीत पडलेल्या आमिषातील मीठ, रंग व क्षार पुढे कोठे जात असतील?

या प्रश्नाचे उत्तर ऑरेगनमध्ये उशिरा सापडले. तेथे आमिषाची परीक्षा वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाने होत असे : मासा लागतो की नाही. टिकाऊपणा व आकर्षकता यांबरोबर तिसरी कसोटी लावली जाणे अगत्याचे होते, ती म्हणजे आमिष खाऊन गळातून सुटलेल्या, आणि गळाजवळ कधीच न आलेल्या लहान जिवांचे काय होते. खाजनांच्या पाण्यात व कांदळवनांच्या मुळांशी चोणक, शेवटे व सुंगटे यांची पिले वाढतात. आज त्यांच्या तोंडी जे जाईल, त्यावर पुढील हंगामातील जाळ्यांचे व गऱ्यांचे यश अवलंबून राहील. आगरातील मूठभर मीठ आमिष टिकविण्यास पुरेसे असताना अनोळखी द्रव्यांच्या मागे लागण्याचे प्रयोजन नाही.